चाहत्याची समीक्षा : जपानी मांगा, ॲनिमे आणि व्हिडिओ गेम यांच्या वाचकाचा इतिहास

१

साहित्यसमीक्षेच्या व्यवहारात ‘चाहता’ या घटकाकडे नेहमीच संशयाने पाहिले गेले आहे. वाचक, रसिक, अभ्यासक, समीक्षक अशी एक चढती श्रेणी हा व्यवहार गृहीत धरतो आणि चाहत्याला त्या श्रेणीबाहेर ठेवतो. त्याच्यावरचे आक्षेप ढोबळमानाने तीन आहेत. कलाकृतीविषयीच्या आसक्तीमुळे त्याच्याकडे तटस्थता नसते. आवडनिवड हाच त्याचा निकष असल्यामुळे त्याच्या मूल्यविधानांना आधार नसतो. आणि तो कोणत्याही परंपरेला वा संस्थेला बांधील नसल्यामुळे आपल्या विधानांची जबाबदारीही त्याच्यावर येत नाही. नव्याने बाजारात आलेला खेळ, नवी चित्रकथा किंवा नवी चलच्चित्रमालिका यांविषयी चाहता जे बोलतो-लिहितो, त्याला म्हणूनच ‘प्रतिक्रिया’ म्हटले जाते, ‘समीक्षा’ म्हटले जात नाही.

हे आक्षेप तात्त्विक पातळीवर कितीही सयुक्तिक वाटले, तरी इतिहासाच्या कसोटीवर ते सरसकट टिकत नाहीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील जपान हे याचे ठळक उदाहरण होय. मांगा, ॲनिमे आणि व्हिडिओ गेम या तिन्ही प्रकारांची समीक्षा तेथे प्रामुख्याने चाहत्यांनी घडवली. तिचे निकष, तिची परिभाषा, तिची व्यासपीठे आणि तिचे अभिलेखागारदेखील चाहत्यांच्याच खटपटीतून उभे राहिले. विद्यापीठे या क्षेत्रात आली ती बरीच उशिरा, आणि आली तेव्हा चाहत्यांनी केलेल्या पायाभरणीवरच त्यांना उभे राहावे लागले.

या इतिहासाकडे पाहण्यासाठी हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ साली मांडलेली ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना उपयुक्त आहे. कोणतीही कृती वाचकापर्यंत पोहोचते ती त्याच्या पूर्ववाचनाने घडलेल्या अपेक्षांच्या पार्श्वभूमीवर. कृती आणि हे क्षितिज यांच्यातील अंतर हे याउस यांच्या मते कलात्मक मूल्याचे एक गमक असते. जी कृती अपेक्षा केवळ पुरवते ती करमणुकीच्या पातळीवर राहते; जी क्षितिज सरकवायला भाग पाडते ती साहित्येतिहासात स्थान मिळवते. मात्र गतकाळातील सामान्य वाचकाचे क्षितिज अभ्यासकाला क्वचितच प्रत्यक्ष पाहायला मिळते. ते अनुमानानेच उभे करावे लागते. चाहता हा असा वाचक आहे, की ज्याने आपले क्षितिज स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याच्या समीक्षेचे बळ या क्षितिजात आहे आणि तिची मर्यादाही तेथेच आहे.

२

चाहत्यांची ही समीक्षा ज्या माध्यमातून वाढली, ते ‘दोजिन्शी’ हे माध्यम मुळात साहित्यातले आहे, ही बाब सहसा दुर्लक्षित राहते. ‘दोजिन’ म्हणजे समान आवड वा ध्येय असलेली मंडळी. ‘समानधर्मा’ हा भवभूतीमुळे परिचित झालेला शब्द येथे चपखल बसतो. अशा मंडळींनी स्वखर्चाने काढलेले नियतकालिक म्हणजे दोजिन्शी. केन्यूशा या लेखकमंडळाने १८८५ साली सुरू केलेले ‘गाराकुता बुन्को’ आणि १९१० साली निघालेले ‘शिराकाबा’ ही आधुनिक जपानी साहित्याच्या जडणघडणीतील दोजिन्शींची महत्त्वाची उदाहरणे. मराठी वाचकाला येथे साठोत्तरी लघुनियतकालिकांची आठवण होणे स्वाभाविक आहे. फरक असा, की जपानमध्ये या साहित्यिक माध्यमाचा वारसा पुढे चित्रकथांच्या वाचकांनी उचलला.

ओसामु तेझुका (१९२८-१९८९) यांच्या ‘शिन ताकाराजिमा’ (१९४७) या चित्रकथेने युद्धोत्तर मांगाला नवी गती दिली. त्या कथा वाचत वाढलेली पिढी साठच्या दशकात तरुण झाली होती. लहानपणीचे वाचन सोडून देण्याऐवजी त्याविषयी गंभीरपणे बोलण्याची गरज या पिढीला वाटू लागली. १९६४ साली निघालेल्या ‘गारो’ या मासिकाने प्रौढ, प्रयोगशील चित्रकथेला जागा दिली. १९६७ साली तेझुका यांच्या पुढाकाराने ‘कॉम’ सुरू झाले. या मासिकाने वाचकांची चित्रे मागवली, त्यांवर अभिप्राय छापले आणि गावोगावच्या चाहत्यांच्या मंडळांना एकमेकांशी जोडले. त्याच वर्षी जुन्झो इशिको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मांगाशुगी’ हे केवळ समीक्षेला वाहिलेले नियतकालिक काढले. वाचकाला केंद्रस्थानी आणणारे याउस यांचे प्रतिपादन आणि चाहत्याला लेखणी देणारी ही नियतकालिके एकाच वर्षातली असावीत, हा योगायोगच; पण तो अर्थपूर्ण आहे.

‘कॉम’चे नियमित प्रकाशन १९७१ साली थांबले आणि चाहत्यांची मंडळे पोरकी झाली. ही पोकळी ज्या गटाने भरून काढली त्याचे नाव ‘मेइक्यू’, म्हणजे चक्रव्यूह. योशिहिरो योनेझावा (१९५३-२००६) हे त्यातले एक प्रमुख नाव. हा गट मुळात समीक्षकांचा होता. त्याच्या नियतकालिकाच्या शीर्षकातच ‘नवसमीक्षा’ हा शब्द होता. १९७५ साली मांगाच्या एका वार्षिक संमेलनावर टीका केल्यामुळे एका चाहतीला तेथे प्रवेश नाकारण्यात आला. त्याच्या निषेधातून या गटाने स्वतःचा मेळावा भरवण्याचे ठरवले. २१ डिसेंबर १९७५ रोजी टोकियोत पहिले ‘कॉमिक मार्केट’ भरले. ३२ मंडळे आणि सुमारे ७०० माणसे एवढाच त्याचा व्याप होता. पुढे या मेळाव्याचा विस्तार प्रचंड झाला. डिसेंबर २०१९ मधील चार दिवसांच्या अधिवेशनातील उपस्थिती साडेसात लाखांच्या घरात गेली.

आज या मेळाव्याचे वर्णन बहुधा ‘चाहत्यांची बाजारपेठ’ असे केले जाते. त्याचा उगम मात्र टीका करण्याच्या हक्कावरून झालेल्या वादात आहे. येथे कोणी ‘ग्राहक’ नाही, विकणारा आणि विकत घेणारा दोघेही ‘सहभागी’ आहेत, हे तत्त्व त्याने पहिल्यापासून जपले. ज्याला आवडते त्याला टीकेचाही अधिकार आहे, आणि टीका केली म्हणून त्याची आवड खोटी ठरत नाही, ही भूमिका त्यामागे होती. चाहत्याला उत्तरदायित्व नसते या आक्षेपाला हे एक ऐतिहासिक उत्तर आहे. त्याचे उत्तरदायित्व प्रकाशकाशी वा विद्यापीठाशी नव्हते. शेजारच्या टेबलावर आपले नियतकालिक मांडून बसलेल्या दुसऱ्या चाहत्याशी होते.

आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्या पहिल्या मेळाव्याला आलेल्यांत शाळकरी मुलींची संख्या फार मोठी होती. मोतो हागिओ आणि त्यांच्या समकालीन लेखिकांनी मुलींसाठीच्या चित्रकथेत जे मानसशास्त्रीय सूक्ष्मतेचे पर्व सुरू केले होते, त्याच्या या वाचक. चाहत्याच्या समीक्षेचा आरंभ अशा रीतीने बऱ्याच अंशी स्त्रीवाचकांनी केला; पुढच्या दशकात चाहत्याची जी सामाजिक प्रतिमा तयार झाली तिच्यातून मात्र त्या जवळजवळ पुसल्या गेल्या.

३

१९८३ हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. चाहत्याच्या समीक्षेला या वर्षी एक नवा विषय मिळाला, आणि चाहत्याला एक नवे नाव मिळाले.

नवा विषय म्हणजे व्हिडिओ गेम. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’पासून नाणे टाकून खेळण्याची यंत्रे जपानभर पसरली होती आणि जुलै १९८३ मध्ये निन्टेन्डोचा ‘फॅमिकॉम’ घरात आला. याच सुमारास सातोशी ताजिरी (जन्म १९६५) या तरुणाने ‘गेम फ्रीक’ नावाचे हस्तलिखित नियतकालिक काढायला सुरुवात केली. छायाप्रती काढून, टाचण्या मारून ते विकले जाई. पुढे केन सुगिमोरी हा चित्रकार वाचक म्हणून या नियतकालिकाकडे आला आणि त्याच्या कामात सामील झाला. खेळ कसा जिंकावा याच्या युक्त्या, खेळांची परीक्षणे आणि खेळाच्या रचनेविषयीची निरीक्षणे असा त्यातील मजकूर असे.

‘झेव्हियस’ हा नाम्को कंपनीचा खेळ या चाहत्यांच्या विशेष आवडीचा होता. वरवर पाहता आकाशयानातून गोळीबार करण्याचा हा खेळ. पण त्याच्या भूप्रदेशात न दिसणारे मनोरे दडलेले होते आणि नेमक्या जागी बाँब टाकला तरच ते वर येत. खेळाडू ही स्थळे शोधून काढत, नकाशे करत, त्यांची देवाणघेवाण करत. या खेळात एक कोटी गुण मिळवण्याची रीत सांगणारी पुस्तिकाही चाहत्यांच्या वर्तुळात फिरली. खेळात फिरत येणारी एक धातूची पाटी कशानेही फुटत नसे. ती २५६ गोळ्यांनी फुटते अशी वदंता पसरली आणि असंख्य मुलांनी ती खरी करून पाहण्याचा प्रयत्न केला. ही वदंता खोटी होती. मात्र तिच्यामागची वृत्ती वाचनमीमांसेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. संहितेत दिसते त्याहून अधिक काही दडलेले आहे, आणि पुरेशा चिकाटीने वाचले तर ते हाती लागेल, ही श्रद्धा कोणत्याही सखोल वाचनाच्या मुळाशी असते. शिनइचि नाकाझावा या विचारवंताने १९८४ साली याच खेळावर निबंध लिहून यंत्रातील दोषांशी खेळणाऱ्या खेळाडूकडे तत्त्वचिंतनाच्या पातळीवरून पाहिले. अभिजन समीक्षेने या प्रांतात टाकलेले हे एक आरंभीचे पाऊल होय. तोवर चाहत्यांनी तेथील वाटा मळून ठेवल्या होत्या.

याला समांतर एक दुसरी परंपराही घडत होती. १९८६ साली निघालेल्या ‘फॅमिकॉम त्सूशिन’ (पुढे ‘फामित्सू’) या नियतकालिकाने चार परीक्षकांनी प्रत्येकी दहापैकी गुण द्यावेत अशी पद्धत रुजवली. चाळीसपैकी चाळीस गुण प्रथम मिळाले ते १९९८ साली, ‘झेल्डा’ मालिकेतील ‘ओकारिना ऑफ टाइम’ या खेळाला. या पद्धतीची सोय उघड आहे. विकत घ्यावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर तिने चटकन मिळते. परंतु गुणांकन हे निर्णय सांगते, वाचन सांगत नाही. हस्तलिखितातील चाहता खेळ कसा वाचला हे सांगत होता. गुणपत्रिका केवळ निष्कर्ष कळवत होती. नव्या खेळांविषयीचे आजचे बहुतेक लेखन या दोन टोकांमध्येच हेलकावे घेताना दिसते.

ताजिरी यांची समीक्षा लेखनावर थांबली नाही. बाजारातील बहुतेक खेळ समाधानकारक नाहीत, हा त्यांच्या परीक्षणांतून निघालेला निष्कर्ष त्यांना खेळनिर्मितीकडे घेऊन गेला. १९८९ साली ‘गेम फ्रीक’ ही कंपनी झाली आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये तिचा ‘पोकेमॉन’ प्रसिद्ध झाला. ॲनिमेच्या क्षेत्रात हेच घडले होते. ओसाकातील विज्ञानकथा संमेलनांसाठी १९८१ आणि १९८३ साली चाहत्यांनी केलेल्या छोट्या उद्घाटनपर चित्रफितींमधून ‘गायनॅक्स’ ही निर्मितिसंस्था पुढे आली. समीक्षेतून निर्मितीकडे झालेला हा प्रवास साहित्याच्या इतिहासात अपरिचित नाही. पण येथे तो अपवाद न राहता जवळजवळ प्रघात झाला.

४

याच वर्षी चाहत्याला मिळालेले नाव म्हणजे ‘ओताकु’. या शब्दाचा मूळ अर्थ ‘आपले घर’. त्यावरून समोरच्या व्यक्तीसाठी वापरायचे ते एक आदरार्थी, काहीसे अंतर राखणारे संबोधन. समवयस्क चाहते एकमेकांना या औपचारिक शब्दाने हाक मारतात हे पाहून अकिओ नाकामोरी यांनी १९८३ साली ‘मांगा बुरिक्को’ या मासिकातील आपल्या सदरात या वर्गालाच ते नाव दिले. सदराचा सूर उपहासाचा होता. चाहत्यांचे कपडे, शरीरयष्टी, वागण्यातील अवघडलेपणा यांची त्यात टवाळी होती. ते काय वाचतात आणि कसे वाचतात, याला तेथे गौण स्थान होते. मासिकाचे एक संपादक एइजी ओत्सुका यांनी आपल्याच वाचकांचा हा अवमान मानला आणि सदर बंद केले.

१९८९ साली हा उपहास भयात बदलला. लहान मुलींच्या हत्यांच्या आरोपावरून एका तरुणाला अटक झाली आणि त्याच्या खोलीतील हजारो व्हिडिओ फितींची छायाचित्रे देशभर दाखवली गेली. गुन्ह्याचे गांभीर्य निर्विवाद होते. पण गुन्हेगाराच्या कृत्याऐवजी त्याच्या संग्रहाचे वाचन सुरू झाले, आणि एका व्यक्तीच्या विकृतीचा ठपका एका संपूर्ण वाचकवर्गावर आला. काय वाचता यावरून तुम्ही कोण आहात हे ठरवले जाऊ लागले, तेव्हा ‘मला हे का आवडते’ हे सांगणे ही केवळ आस्वादाची बाब उरली नाही. ते आत्मसमर्थन झाले. चाहत्याच्या समीक्षेत नंतर जो एक बचावात्मक, आकडेबाज, तपशिलांचा ढीग रचणारा सूर आला, त्याचे एक मूळ येथे शोधता येईल.

याच वर्षी ओत्सुका यांचा कथासेवनाचा सिद्धांत ग्रंथरूपाने आला. चॉकलेटसोबत मिळणाऱ्या ‘बिक्कुरीमान’ चित्रचिठ्ठ्या गोळा करणाऱ्या मुलांचे उदाहरण घेऊन त्यांनी दाखवले, की मुले चॉकलेट विकत घेत नव्हती. प्रत्येक चिठ्ठीवरचा त्रोटक मजकूर जोडत जोडत ती एका अखंड महाकथेपर्यंत पोहोचू पाहत होती. एकदा ती महाकथा हाती आली, की तिच्या नियमांनुसार वाचक स्वतःची कथाही रचू शकतो, आणि मग मूळ व अनुकरण हा भेद पुसट होतो. दोजिन्शीतील रूपांतरांचे हे एक समर्थ सैद्धांतिक स्पष्टीकरण होते. हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ साली अमेरिकी दूरचित्रवाणी-चाहत्यांविषयी जे प्रतिपादन केले, त्याच्याशी ते ताडून पाहण्याजोगे आहे. जेन्किन्स यांचा चाहता पराया रानात शिरून शिकार करतो. ओत्सुका यांचा चाहता ते रान आपल्याच कथांचे मानतो.

चाहत्यांमधूनच आलेल्या निर्मात्यांनी चाहत्याची उलटतपासणी केली ती गायनॅक्सच्या ‘इव्हँजेलियन’ या मालिकेत (ऑक्टोबर १९९५ ते मार्च १९९६). महाकाय यंत्रमानवांच्या मालिकांची सारी सामग्री हाताशी असूनही तिचे शेवटचे दोन भाग नायकाच्या मनोव्यापारात शिरले आणि अपेक्षित उपसंहार नाकारला गेला. प्रेक्षकांत प्रक्षोभ उसळला. १९९७ च्या चित्रपटरूपी शेवटात दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांनी चित्रपटगृहात बसलेल्या खऱ्या प्रेक्षकांची दृश्येच पडद्यावर आणली. कृतीने क्षितिज केवळ ओलांडले नाही. तिने ते प्रेक्षकाला दाखवले.

५

नव्वदच्या दशकात चाहत्याच्या समीक्षेला प्रतिष्ठा मिळू लागली. तेझुका यांच्या निधनानंतर त्यांच्या कथांचा आशय आणि मानवतावाद यांविषयी भरभरून लिहिले जात असताना फुसानोसुके नात्सुमे यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात रेषा आणि चौकटी यांकडे लक्ष वेधले. चित्रे स्वतःच्या हाताने उतरवून रेषेचा स्वभाव समजून घेण्याची त्यांची रीत म्हणजे लहानपणी आवडती पात्रे गिरवणाऱ्या चाहत्याची सवयच. येथे ती विश्लेषणपद्धती झाली. चाहत्याकडे निकष नसतात, या आक्षेपाला दिलेले हे उत्तर होते. २००६ साली क्योतो सेइका विद्यापीठात मांगाची स्वतंत्र विद्याशाखा सुरू झाली. योनेझावा यांचा संग्रह मेइजी विद्यापीठाकडे जाऊन २००९ साली तेथे त्यांच्या नावाचे ग्रंथालय उभे राहिले.

परंतु याच टप्प्यावर चाहत्याच्या समीक्षेतील अंतर्विरोधही स्पष्ट झाला. नव्या मांगाला पूर्वीची गोडी राहिली नाही, अशी तक्रार नव्वदच्या दशकात जुन्या चाहत्या-समीक्षकांकडून वारंवार होऊ लागली. गो इतो यांनी २००५ साली ‘तेझुका इज डेड’ या मुद्दाम खळबळजनक शीर्षकाच्या ग्रंथात या तक्रारीची चिकित्सा केली. त्यांच्या मते बिघडले ते मांगा नव्हते, ते पाहण्याची दृष्टी बिघडली होती. तेझुकाकेंद्री इतिहासदृष्टीमुळे कथेत रुजलेले, अंतरंग असलेले ‘पात्र’ तेवढे मोलाचे ठरले होते. कथेच्या आधी आणि कथेबाहेरही जिवंत वाटणारी रेखाकृती, जिला ते ‘क्यारा’ म्हणतात, समीक्षेला दिसतच नव्हती. आणि तरुण वाचक, ॲनिमे व खेळ यांचे विश्व तर तिच्याभोवतीच फिरत होते. प्रस्थापित अभिरुचीविरुद्ध उभी राहिलेली चाहत्याची समीक्षा तीसेक वर्षांत स्वतःच प्रस्थापित अभिरुची झाली होती.

याच्या उलट टोकाचा धोका हिरोकी अझुमा यांनी २००१ साली दाखवला होता. त्यांच्या मते नवा चाहता महाकथेच्याही शोधात नाही. केशरचना, पोशाख, बोलण्याची लकब अशा सुट्या घटकांच्या एका विदासंचाला तो प्रतिसाद देतो. नवी कृती म्हणजे त्या घटकांची नवी जुळणी, आणि आस्वाद म्हणजे ओळखीची पूर्ती. याउस यांच्या परिभाषेत बोलायचे, तर येथे क्षितिज आणि कृती यांत अंतरच उरत नाही. मात्र अझुमा तेथेच थांबले नाहीत. २००७ च्या ग्रंथात त्यांनी मांडले, की मरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याचा खेळाडूचा अनुभव कादंबरीतही उतरला असून त्यामुळे मृत्यू आणि निवड यांविषयी लिहिण्याची एक वेगळी रीत निर्माण झाली आहे. एकाच दिवशी पुनःपुन्हा मरणाऱ्या सैनिकाची हिरोशी साकुराझाका यांची ‘ऑल यू नीड इज किल’ (२००४) ही कादंबरी त्यांच्या विवेचनात येते. खेळ न खेळलेल्या समीक्षकाला या कादंबरीतील पुनरावृत्ती ही केवळ एक कथानकीय युक्ती वाटण्याची शक्यता आहे; खेळाडू-वाचकाला तिच्यामागील अनुभव ओळखू येतो.

या शेवटच्या उदाहरणात चाहत्याच्या समीक्षेचे समर्थनही आहे आणि तिची कसोटीही. अभिनवगुप्तांनी सहृदयाची कल्पना मांडताना काव्याच्या सततच्या अनुशीलनाने निर्मळ झालेल्या मनाची अट घातली होती. अनुशीलन ही आसक्तीशिवाय साध्य होणारी गोष्ट नव्हे. चाहत्याने शेकडो तास एका खेळात घालवले, शेकडो चौकटी गिरवल्या, एका मालिकेचे भाग पुनःपुन्हा पाहिले, म्हणून तो समीक्षेला अपात्र ठरत नाही. उलट, पात्रतेची पहिली पायरी तो चढलेला असतो. तटस्थतेविषयीचा आक्षेप म्हणूनच वेगळ्या शब्दांत मांडायला हवा. चाहत्याला कृती प्रिय आहे की नाही, हा प्रश्न गैरलागू आहे. मन निर्मळ करणारे अनुशीलन आणि मनावर पुटे चढवणारी सवय यांपैकी त्याच्या बाबतीत काय घडले आहे, हा खरा प्रश्न होय.

नवी कृती समोर येते तेव्हा याचा निवाडा होतो. तिच्यात केवळ जुन्याची पूर्ती शोधणारा चाहता आणि ओळखीचे काही नाही म्हणून तिला बाजूला सारणारा अभ्यासक या दोघांची चूक वस्तुतः एकच आहे. ३२ मंडळांच्या त्या पहिल्या मेळाव्यामागे अशी एक समजूत होती, की आवडीच्या गोष्टीवर टीका करणे हा तिच्याशी केलेला द्रोह नव्हे. ही समजूत जेथे टिकली, तेथे चाहत्याने समीक्षा लिहिली. ती जेथे सुटली, तेथे गुणांचे आकडे आणि घटकांच्या याद्या तेवढ्या उरल्या.